लेकरू म्हणालं

९ ऑगस्ट, शनिवार. केटलमध्ये व्हिनेगर ओतून ठेवलंय. आमच्याकडे नॉटिंगहॅमला पाणी जड. महिन्या-दोन महिन्यांत केटलच्या तळाशी चुन्याचा थर धरतो आणि चहावर पापुद्रे तरंगायला लागतात. व्हिनेगर ओतलं की तासभर हात लावायचा नाही. तेवढ्या तासात लेख लिहून देते, असं संपादकबाईंना कळवलं होतं. हे तिसरं व्हिनेगर आहे. केटल आता आरशासारखी चमकते आणि लेख अजून इथेच आहे.

मी दुभाषी आहे. कोर्टात, हॉस्पिटलात, ट्रायब्युनलमध्ये मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करते. ओळखीचे लोक विचारतात, इंग्लंडमधल्या मराठी माणसाला दुभाषी कशाला लागते, सगळे तर आयटीत आहेत. त्यांना मी सांगते की बहुतेकांचं इंग्रजी नोकरीपुरतं असतं. आजारपण, भांडण आणि पोरं आली की ते पुरत नाही.

कामाचे नियम थोडे आणि कडक. बोललेलं सगळं सांगायचं, न बोललेलं काही घालायचं नाही. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे आजवर मी कोर्टात चोरी नाकारली आहे, सासूला ढकललेलं नाही आणि दोनदा घटस्फोट मागितला आहे. फक्त एक सवलत असते. भाषेमुळेच घोळ होत असेल तर हात वर करायचा आणि ‘दुभाषीला खुलासा करायचा आहे’ असं म्हणायचं. एकदा घरमालकाच्या दाव्यात आमचे एक काका वकिलाच्या प्रत्येक वाक्याला ‘हो, हो’ म्हणत राहिले. म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोला’. मला ‘येस, येस’ म्हणणं भाग होतं. खिडकी त्यांनी फोडली, बॉयलर त्यांनी बिघडवला, गालिचाही त्यांनीच जाळला, इथवर कबुली झाल्यावर मी हात वर केला.

पण लिहायची आहे ती एकच केस. फॅमिली कोर्टातलं बाहेर बोलायचं नसतं. म्हणून नावं, गाव, नोकऱ्या, सगळं मी बदललं आहे. एका नावाच्या केसची गोष्ट खोट्या नावांनी सांगावी लागते आहे, त्याला इलाज नाही.

इंग्लंडमध्ये नाव बदलणं तसं सोपं. ‘आजपासून मी अमुक नावानं ओळखला जाईन’ असं लिहून साक्षीदारासमोर सही केली की झालं. त्याला डीड पोल म्हणतात. सोळा पूर्ण झाली की कुणालाही न विचारता तो करता येतो. त्याआधी, ज्यांच्याकडे मुलाची कायदेशीर जबाबदारी आहे त्या सगळ्यांचा होकार लागतो, म्हणजे बहुधा आई आणि वडील दोघांचा. एकानं नाही म्हटलं की कोर्ट. (माझं स्वतःचं नाव लग्नात ताटभर तांदळात बदललं. त्याला कोर्ट लागलं नाही आणि माझा होकारही लागला नाही.)

या केसमधलं लेकरू चौदा वर्षांचं. जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली, नाव अंबिका. दोन वर्षांपासून घरी, शाळेत, फुटबॉलच्या टीममध्ये मुलगा म्हणून वावरत होतं आणि त्याला नाव हवं होतं मल्हार. आईवडील वेगळे झालेले. लेकरू आईकडे राहायचं, शनिवार-रविवार वडिलांकडे. आई, वर्षा, हिची सहीची तयारी होती. वडील, अभिजित, यांची नव्हती. मला बोलावलं होतं ते अभिजितसाठी. एका विमा कंपनीत ते पंधरा माणसांच्या टीमचे प्रमुख होते, दिवसभर इंग्रजीत हुकूम सोडायचे. पण पहिल्या तारखेला त्यांच्या इंग्रजीतून जे बाहेर पडलं ते त्यांच्या मनात नव्हतं, असं त्यांनीच कोर्टाला कळवलं होतं. जज्जबाईंनी दुभाषी मंजूर केली.

सुनावणीच्या सकाळी मी कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसणार, तेवढ्यात समोरून आवाज आला, “आंटी, नको. तो खुर्ची तुटला आहे.”

शाळेचा ब्लेझर, आखूड केस, हातात क्रिस्प्सचं पाकीट. इथे वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं. खुर्ची ‘तो’, टेबल ‘ती’, सगळी लिंगं वाऱ्यावर. पक्षकारांशी आम्ही बोलायचं नसतं. मी ‘थँक यू’ म्हणून उभीच राहिले.

खोली लहान होती. फॅमिली कोर्टात सिनेमातल्यासारखा पिंजरा वगैरे नसतो, ऑफिसातल्या मीटिंगसारखी टेबलं असतात. जज्जबाई साठीच्या आसपासच्या, सर्दीनं बेजार, समोर घशाच्या गोळ्यांची डबी. एका बाजूला वर्षा आणि तिची वकील. दुसऱ्या बाजूला अभिजित, वकील न करता एकटेच, आणि त्यांच्या कानाशी मी. मधे कोर्टानं मुलांसाठी नेमलेली अधिकारी. ती लेकराला अनेकदा भेटली होती. लेकरू बाहेरच होतं. मुलांना आईबापांसमोर उभं करून ‘बोल, तुला काय हवं’ असं इथे सहसा विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं हे अधिकारी आणतात. सकाळी जज्जबाईंनीही लेकराला आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं, एवढंच सांगायला की निर्णय मी करणार आहे, त्याचं ओझं तू घ्यायचं नाहीस.

सुरुवातीलाच अडलं. अभिजित ‘ती’ म्हणत होते, वर्षा ‘तो’ म्हणत होती. जज्जबाई म्हणाल्या, निकालापर्यंत मी ‘यंग पर्सन’ म्हणेन आणि ‘ही’ किंवा ‘शी’ऐवजी ‘दे’ म्हणेन. इंग्रजीत हे खपून जातं. मी अभिजितच्या कानात कुजबुजत मराठी करायला लागले, “त्यांना शाळेत काय म्हणतात, ते कुठे राहतात...”

“कोण ते?” अभिजितनी विचारलं.

मी डोळ्यांनीच दाराकडे दाखवलं.

“माझ्या चौदा वर्षांच्या पोरीला तुम्ही अहो-जाहो करताय? हेडमास्तर झालीय का ती?”

हे कोर्टात बोललेलं वाक्य, तेव्हा इंग्रजीत सांगणं आलं. सांगितलं. वर्षाला हसू आलं. तिनं ते खोकल्यात लपवलं. मी हात वर केला.

मी खुलासा केला की मराठीत क्रियापदालाही लिंग असतं. कोण आलं हे लपवून ‘आला’ की ‘आली’ एवढं जरी म्हटलं तरी पक्ष घेतला जातो. इंग्रजी ‘दे’चं मराठी केलं तर आजोबांबद्दल बोलल्यासारखं होतं. पण आमच्याकडे तिसरं लिंग आहे, आणि ते नुसतं टेबला-कपाटांसाठी नाही. ‘लेकरू’ हा शब्द त्यात बसतो. लेकरू म्हणालं, लेकरू आलं. अडचण एवढीच की हा शब्द ‘यंग पर्सन’पेक्षा मायेचा आहे. माझ्या कामात माया घालायला परवानगी नाही, म्हणून कोर्टाच्या कानावर घालते.

जज्जबाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “किती मायेचा?”

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हणाले, “ज्याला आपण भरवलेलं असतं, त्याला म्हणतो.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि अभिजितना विचारलं, तुमची हरकत आहे का. अभिजितनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, “लेकरू चालेल. लेकरू तर आहेच.”

मग त्यांची साक्ष झाली. नाव बदलायला विरोध का, हा जज्जबाईंचा साधा प्रश्न.

“ते नाव माझ्या आईनं ठेवलंय,” अभिजित म्हणाले. “मी एकुलता एक. बारशाला आत्या कुठून आणायची? आईच कोल्हापूरहून आली, तिनंच पाळण्यापाशी वाकून कानात कुर्रर्र केलं. अंबाबाईचं नाव. पहिली पाच वर्षं सहा-सहा महिने येऊन राहायची, पोर तिच्याच मांडीवर वाढली. आता ती नाही. तिनं दिलेली एकच गोष्ट या देशात उरलीय, ती मी सही करून खोडू?”

मी ‘मी’ म्हणत हे इंग्रजीत सांगितलं. ‘माय मदर’ म्हणताना मला माझी आई आठवू द्यायची नसते. ती सवय लावून घ्यावी लागते.

“आणि मी कायमचं नाही म्हणत नाही,” ते पुढे म्हणाले. “सोळापर्यंत थांबा म्हणतोय. पुढं पस्तावली तर? सगळीकडं नाव फिरवून झालेलं असेल. परत यायचं म्हटलं तर तिला वाट नको का?”

हे बोलणं वेडगळ नव्हतं. जज्जबाईंनीही ते तसं घेतलं नाही. त्यांनी अक्षर न अक्षर उतरवलं.

मग एक गंमत झाली, गंमत म्हणायची म्हणून. वर्षानं आपल्या जबानीत म्हटलं होतं की लेकरू तीन वर्षांचं असल्यापासून ‘मी येतो, मी जेवतो’ असं मुलासारखं बोलतं. खुर्ची-टेबलाचं लिंग रोज चुकतं, स्वतःचं एकदाही बदललं नाही. जज्जबाईंनी अभिजितना याबद्दल विचारलं.

“त्यात काय?” अभिजित म्हणाले. “माझी आई तसंच बोलायची. आमच्या कोल्हापूरकडं बायका ‘मी येतो’च म्हणतात. पोरीनं आजीचं उचललं. हा कसला पुरावा?”

मी हे सांगितल्यावर जज्जबाई माझ्याकडे वळल्या. “असं खरंच आहे का?”

माझा जन्म कोल्हापूरचा, शाहूपुरीतला. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी ‘येतो, जातो, जेवतो’ हेच म्हणत होते. लग्न होऊन पुण्यात गेले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “येतो काय गं? पैलवान आहेस का?” महिनाभरात मी ‘येते’ म्हणायला लागले, ती आजवर. त्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं पक्कं कुणाकडे नव्हतं. आणि मला ते देता येत नव्हतं, कारण दुभाषीला साक्ष देता येत नाही. मी म्हणाले, भाषांतर बरोबर आहे एवढंच मी सांगू शकते, बाकीसाठी तज्ज्ञ लागेल.

जज्जबाईंनी मान हलवली. “म्हणजे एक लहान मूल आजीचं अनुकरण करत असेल, किंवा स्वतःबद्दल काही सांगत असेल, किंवा दोन्ही. मला ते ठरवायची गरज नाही.” आणि पान उलटलं.

इतकी वर्षं कोर्टात काढली, पण जे ठरवायची गरज नाही ते न ठरवता बाजूला ठेवणारं माणूस मी फार थोड्यांदा पाहिलं आहे. आमच्याकडे तर असल्या प्रश्नावर सोसायटीच्या गच्चीतही निकाल लागतो.

शेवटी अधिकारी बोलली. लेकरू विचारी आहे, कुणी पढवलेलं वाटत नाही. शाळेच्या कागदांवर अजून जुनंच नाव आहे. हजेरीला ते पुकारलं की मान खाली घालतं, नवीन शिक्षक हजेरी घेणार असले की त्या सकाळी पोट दुखतं. डॉक्टरी प्रश्न वेगळे, ते इथे नाहीत. जज्जबाईंनी जन्मदाखला पाहात मधेच विचारलं, “मधलं नाव अभिजित? हे तर वडिलांचं. मुलीला जन्मापासून पुरुषाचं नाव?”

“आमच्याकडं सगळ्याच मुलींना असतं,” अभिजित म्हणाले.

खरंच की. आम्हा समस्त मराठी बायकांच्या नावात एक पुरुष मधोमध बसलेला असतो, आधी बाप, मग नवरा, आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही.

“आणि ते नाव बदलायचं आहे?” जज्जबाई.

“नाही,” अधिकारी म्हणाली. “मधलं नाव आणि आडनाव तसंच ठेवायचं आहे. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘माझ्यामागे डॅड येतात. त्यावरून कळतं मी कुणाचा ते.’”

मी कुजबुजत मराठी केलं. ‘कुणाचा’ न म्हणता ‘लेकरू कुणाचं ते’ म्हटलं. अभिजितनी गृहीत धरलं होतं की आपलंही नाव जाणार. त्यांनी जज्जबाईंना नाही, मलाच विचारलं, “ठेवणार आहे?”

मराठीत या दोन शब्दांना कर्ता लागत नाही आणि लिंगही नाही. इंग्रजीत मला दोन्ही घालावं लागलं असतं. मी ‘कीपिंग इट?’ एवढंच म्हणाले.

“आणि मल्हार हे नाव कुठून आलं?” जज्जबाईंनी अधिकारीबाईला विचारलं.

“आजीकडून,” ती म्हणाली. “लेकरानं आईला विचारलं होतं की मी मुलगा झालो असतो तर काय नाव ठेवणार होतात. आजी भारतातून दोन नावं ठरवून आल्या होत्या, मुलीचं एक, मुलाचं एक. मुलाचं होतं मल्हार.”

मी हे अभिजितच्या कानात सांगत असतानाच मला दिसलं की ते त्यांना माहीत होतं आणि ते विसरले होते. त्यांचा हात टेबलावर पालथा होता, तो उताणा झाला. “ते नाव मुलासाठी होतं,” ते म्हणाले. “मुलगा झाला नाही.”

समोरच्या बाजूनं वर्षा म्हणाली, “झाला की.”

हळू म्हणाली. पण खोली लहान.

“काय म्हणाल्या त्या?” जज्जबाईंनी मला विचारलं.

दोन शब्दांचं इंग्रजीतही दोन शब्दांतच करायचं. “ही वॉज,” मी म्हणाले.

वर्षाच्या वकीलबाईनं तिच्या दंडावर हात ठेवला. जज्जबाई रागावल्या नाहीत. त्यांनी अभिजितना विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का.

अभिजित उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती. “मी माझं म्हणणं मागं घेत नाही,” ते म्हणाले. “मला भीती वाटते, ती वाटतेच. पण आईचंच नाव आहे म्हटल्यावर मी कशाला धरून बसलोय ते मला आता सांगता येत नाही. तुम्ही ठरवा. मी ठरवलं तर माझ्या लेकराला वाटेल मी हरलो म्हणून दिलं. तुम्ही ठरवलंत तर ते त्याचं राहील.”

सकाळपासून मी ‘माय डॉटर’ म्हणत होते. आता ‘माय चाइल्ड’ म्हणाले. जज्जबाईंचं पेन क्षणभर थांबलं. मी काही घातलं नव्हतं आणि काही गाळलं नव्हतं.

दुपारी निकाल झाला. तोंडीच, साध्या भाषेत, मधेमधे खोकत. हे मूल कोण आहे हे मी ठरवत नाही, त्या म्हणाल्या. पुढे कोण असेल तेही नाही, औषधोपचाराबद्दल तर मुळीच नाही. प्रश्न फक्त एवढा की सोळा होईपर्यंतच्या काळात या मुलाच्या भल्याचं काय आहे. वडिलांची भीती खरी आहे आणि तिच्यात प्रेम आहे. पण नाव ही दोन्ही बाजूंनी उघडणारी वाट आहे. परत यावंसं वाटलं तर त्याच वाटेनं येता येईल. तोवर रोज सकाळी हजेरीला मान खाली घालायला लावणं मला योग्य वाटत नाही. वडिलांच्या सहीशिवाय आईला डीड पोल करायची परवानगी. मधलं नाव आणि आडनाव आहे तेच. शेवटी त्यांनी आजीनं ठरवलेल्या दोन्ही नावांचा उच्चार मला विचारून घेतला आणि दोन्ही नीट म्हटली. ‘मल्हार’मधला ह त्या गिळत होत्या, तिथे मी त्यांना एकदा दुरुस्तही केलं.

एका शाळकरी पोराच्या तीन अक्षरांसाठी एवढी माणसं, एवढा वेळ, एवढं जपून बोलणं. मी पुष्कळ कोर्टं पाहिली, पण बाहेर पडताना माझ्या पायांत देवळातून निघाल्यासारखं काहीतरी होतं. मला असल्या गोष्टी फारशा होत नाहीत.

कॉरिडॉरमध्ये तो उभा होता. अधिकारीबाईनं आत्ताच सांगितलं असावं. तुटलेल्या खुर्चीवर आता त्याची बॅग होती. वर्षा कोट घालत होती. अभिजित बाहेर आले, दोघं समोरासमोर आले. मग त्यानं बॅग उचलली.

“बाबा, मी येतो,” तो म्हणाला.

 मुलाचं ‘येतो’ की आजीचं ‘येतो’, अभिजितनी काय ऐकलं ते मला माहीत नाही, आणि तिथे ते विचारायला जज्जही नव्हत्या.

“ये,” ते म्हणाले. “शनिवारी ये. जपून ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला क्रॉयडनला व्हिसाच्या एका कामासाठी जायचं होतं. डबा भरला, छत्री घेतली, बूट चढवले. नवरा टेबलापाशी टोस्टला लोणी लावत होता. मी दार उघडून म्हटलं, “येतो.”

त्यानं मान वर केली. “काय?”

“येतो म्हटलं.”

त्यानं माझ्याकडे जरा बघितलं.

“ये,” म्हणाला, आणि टोस्टच्या दुसऱ्या बाजूला लोणी लावायला घेतलं.